माशीचं नाक, अळीची पेशी

एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "कीटकांचे वास ओळखणारे रिसेप्टर दुसऱ्याच पेशींत बसवून सेन्सर तयार करतात असं वाचलं. पण नाक तर कुत्र्याचं तीक्ष्ण, मग कीटकच का? उन्हाळ्यात आमच्या धरणाच्या पाण्याला मातकट वास येतो. तो ओळखणारं काही प्रकल्प म्हणून करता येईल का? आमच्या कॉलेजात कार्बन डायऑक्साइडवाला इन्क्युबेटर नाही."

शेवटापासून सुरू करते. तुम्ही जी उणीव म्हणून सांगितलीत, नेमकं तिथेच या पद्धतीचं बळ आहे.

सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवायच्या म्हणजे जावयाची बडदास्त. ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दमट हवा. रात्री वीज गेली की सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडताना पोटात गोळा येतो. एसएफ२१ नावाच्या कीटकपेशींना यातलं काही लागत नाही. २७ अंशांच्या आसपासचं तापमान, झाकण लावलेला फ्लास्क, बस्स. माध्यम, म्हणजे पेशी वाढतात तो पोषक द्रव, आपली आम्लता आपणच सांभाळतं. आमचा इन्क्युबेटर एकदा बिघडला तेव्हा हिवाळ्याचे पाच दिवस या पेशी मी साध्या कपाटात ठेवल्या. वाढ मंदावली, पण मेल्या नाहीत.

या पेशी आल्या कुठून? १९७७ मध्ये अमेरिकेत एका पतंगाच्या कोषातल्या अंडाशयापासून ही मालिका, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, तयार झाली. पतंगाचं नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. २०१८ मध्ये तो भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यावरही उतरला. आपल्याकडे त्याला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. माझा मामा मक्याच्या पोंग्यातून जी अळी काढून चिरडत होता, तिच्याच पेशींना मी इकडे दर तीन दिवसांनी ताजं माध्यम पाजत होते. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

आता कुत्रा. त्याचं नाक तीक्ष्ण आहे यात वाद नाही, पण ती तीक्ष्णता एकट्या रिसेप्टरची, म्हणजे वासाचा रेणू पकडणाऱ्या प्रथिनाची, नाही. नाकातल्या हाडांच्या पातळ गुंडाळ्या, त्यांवर पसरलेलं गंधपटल, हुंगण्याची लय, कोट्यवधी चेतापेशी आणि वरून प्रशिक्षण, हे सगळं मिळून ते नाक बनतं. तुम्ही त्यातलं एक जनुक उचलून परक्या पेशीत टाकलंत की कुत्रा मागेच राहतो. तुमच्या हाती येतं ते एकटं प्रथिन, आणि हे प्रथिन परक्या घरी नांदत नाही.

लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये सस्तन प्राण्यांतली ही जनुकं शोधली, त्याबद्दल २००४ चं नोबेल मिळालं, हे तुम्ही शिकला असालच. त्या रिसेप्टरची कामाची पद्धत साखळीची आहे. वासाचा रेणू बसला की जी-प्रथिन जागं होतं, ते एका विकराला (एन्झाइमला) उठवतं, ते विकर चक्रीय एएमपी नावाचा छोटा रेणू बनवतं आणि मग कुठे वेगळं चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं दार, उघडून विद्युत संकेत तयार होतो. परक्या पेशीत यातला एकेक दुवा तुम्हाला पुरवावा लागतो. शिवाय यातले बरेचसे रिसेप्टर पेशीच्या पटलापर्यंत, म्हणजे बाहेरच्या आवरणापर्यंत, पोचतच नाहीत, आतल्या आत अडकून पडतात. २००४ मध्ये आरटीपी नावाची मदतनीस प्रथिनं सापडल्यावर परिस्थिती सुधारली, पण सुधारली एवढंच. मी स्वतः मानवी रिसेप्टरवर पावणेदोन वर्षं घालवली आहेत. त्या काळाबद्दल फारसं बोलावंसं वाटत नाही.

कीटकाचा रिसेप्टर हा निरोप्या नाही, तो स्वतःच दार आहे. वासाचा रेणू बसला की तेच प्रथिन उघडतं आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्यातून ये-जा करतात. साखळी नाही, मध्यस्थ नाही. म्हणून तो बेडकाच्या अंडपेशीत चालतो, माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशीत चालतो, अळीच्या पेशीत चालतो.

हे कळायला मात्र वेळ लागला. १९९९ मध्ये फळमाशीत, म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या ड्रॉसोफिलात, ही जनुकं सापडली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की सस्तन प्राण्यांसारखंच हेही असणार. प्रथिन पेशीपटल सात वेळा ओलांडतं ना, मग जातभाईच. २००६ मध्ये रिचर्ड बेंटन आणि लेस्ली वॉसहॉल यांच्या गटाने दाखवलं की ते पटलात उलटं बसलेलं आहे. जे टोक बाहेर हवं ते आत. उलटं बसलेलं प्रथिन जी-प्रथिनाशी नेहमीच्या पद्धतीने बोलणार कसं? २००८ मध्ये टोकियोच्या काझुशिगे तोहारांच्या आणि जर्मनीतल्या येना इथल्या एका गटाने, दोघांनी एकाच वेळी, हे आयन चॅनेल असल्याचं मांडलं. येनाच्या गटाचं म्हणणं होतं की सोबत चक्रीय एएमपीचाही थोडा वाटा आहे. तो वाद बरीच वर्षं चालला. सेन्सर बनवणाऱ्याला त्यात पडायची गरज नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही जनुकं सापडायच्या वीस वर्षं आधी, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज हे वास न कळणाऱ्या फळमाश्या शोधत बसले होते. रॉड्रिग्ज मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियाचा. माश्यांना वास देऊन कोणती माशी चुकीच्या दिशेने जाते हे पाहायचं, तिची संतती वाढवायची, दोष कोणत्या गुणसूत्रावर आहे ते शोधायचं. १९७८ मध्ये त्यांचं काम भारतीय नियतकालिकात छापलं गेलं. वास हा जनुकांच्या वाटेने उलगडता येतो, हे फार कमी लोकांना सुचलं होतं तेव्हाची ही गोष्ट. तुमच्या प्रकल्पाच्या प्रस्तावनेत बक आणि अ‍ॅक्सेल येतीलच, पण हे दोघंही येऊ देत.

आता कामाचा भाग. कीटकाचा रिसेप्टर एकटा चालत नाही, त्याला जोडीदार लागतो. जोडीदाराचं नाव ऑर्को. वास कोणता हे ठरवतो तो बदलता रिसेप्टर, आणि ऑर्को मात्र बहुतेक सगळ्या कीटकांत जवळजवळ सारखाच, इतका सारखा की डासाचा ऑर्को माशीच्या रिसेप्टरशी जुळवून घेतो. चार प्रथिनं मिळून एक चॅनेल बनतं. २०१८ मध्ये व्हनेसा रूटा यांच्या गटाने उंबरवर्गातल्या झाडांवरच्या एका परजीवी गांधीलमाशीच्या ऑर्कोची रचना क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उघड केली, आणि चौघांचा मेळ पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. पुढे २०२४ मध्ये डासांच्या रिसेप्टरांची ऑर्कोसकट रचना आली. त्यात एक रिसेप्टर आणि तीन ऑर्को असं प्रमाण दिसलं. आम्ही तोवर मनातल्या मनात दोनास दोन धरून चाललो होतो.

मधल्या २०२१ सालची रचना मला सगळ्यांत आवडते. माचिलिस ह्राबेई हा उडी मारणारा, पंख नसलेला आदिम कीटक. त्याच्याकडे असे रिसेप्टर फक्त पाच आणि ऑर्को नाहीच, चारही जागी एकच रिसेप्टर. रूटांच्या गटाने त्यातल्या पाचव्याच्या खोबणीत दोन वेगवेगळे रेणू बसलेले पाहिले: लवंगेचा वास ज्याच्यामुळे येतो ते युजेनॉल, आणि डास पळवणाऱ्या मलमातलं डीट. दोन्ही एकाच खोबणीत, आणि खोबणीच्या भिंती बहुतेक तेलकट. कुलपात किल्ली बसावी तशी घट्ट जुळणी नाही. ढगळ कपड्यात जसा कुणीही मावतो, तसं. म्हणूनच एक रिसेप्टर अनेक वासांना उत्तर देतो. खोबणीतलं एखादं अमिनो आम्ल बदललं की त्याची आवडनिवड बदलते, हेही त्याच कामात दिसलं. रिसेप्टर हवा तसा घडवायची आशा आहे ती इथून.

या सगळ्याचा सेन्सर करायची चिकाटी प्रामुख्याने टोकियो विद्यापीठात दिसली. र्‍योहेई कानझाकी यांचा गट मुळात रेशीमकिड्यावर काम करणारा. रेशीमकिड्याची मादी बॉम्बिकॉल नावाचा कामगंध सोडते. अडोल्फ बुटेनान्ट यांनी १९५९ मध्ये सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींपासून तो वेगळा काढला होता, हा पहिला ओळखला गेलेला कामगंध. आपल्याकडच्या कापूस उत्पादकांना हा शब्द वेगळा सांगायला नको, बोंडअळीसाठी शेतात लटकणारे कामगंध सापळे याच तत्त्वावर चालतात. कानझाकींच्या लोकांनी तर नर पतंगाला चिमुकल्या गाडीत बसवून, त्याच्या पायाखालच्या चेंडूच्या हालचालीवर गाडी चालवून दाखवली. पतंग मादीच्या वासाकडे निघतो आणि गाडीही निघते. गंमत वाटते, पण त्यात प्रश्न गंभीर होता: जिवंत कीटक वापरायचा, की त्याचं फक्त नाक काढून घ्यायचं?

नाक काढून घेण्याचा पहिला ठळक प्रयत्न २०१० चा. बेडकाच्या एक मिलिमीटरभर अंडपेशीत रेशीमकिड्याचे, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचे आणि फळमाशीचे रिसेप्टर बसवले, पेशीत इलेक्ट्रोड घातले, आणि विद्युत प्रवाह मोजला. वास लागला की जोडलेला पुतळा मान हलवायचा. वर्तमानपत्रांना पुतळा आवडला. आम्हाला आवडलं ते हे की एकमेकांशी दिसायला अगदी मिळतेजुळते दोन रेणू, बॉम्बिकॉल आणि त्याचं अल्डिहाइड, या पेशींनी वेगळे ओळखले. पण अंडपेशी फार दिवस टिकत नाही आणि प्रत्येकीला हाताने टोचावं लागतं.

म्हणून २०१५ मध्ये त्याच वर्तुळातल्या हिदेफुमी मित्सुनो यांनी अळीच्या पेशी घेतल्या. एसएफ२१ मध्ये रिसेप्टर, ऑर्को आणि जीकॅम्प अशी तीन जनुकं कायमची बसवली. जीकॅम्प हे कॅल्शियम लागलं की जास्त हिरवं चमकणारं प्रथिन. साखळी किती छोटी झाली बघा: वास, दार उघडलं, कॅल्शियम आत, हिरवा उजेड वाढला. इलेक्ट्रोड नको, निळा प्रकाश आणि कॅमेरा पुरे. अशा पेशी किमान दोन महिने तशाच उत्तर देत राहिल्या. पुढे चार वेगवेगळ्या रिसेप्टरांच्या पेशी शेजारीशेजारी मांडून वासांचे नमुने ओळखायचं कामही झालं. त्या चारांत फळमाशीचा ओआर५६ए होता. तुमच्या धरणाशी त्याचा संबंध आहे, तिकडे येतेच.

आता मला खरं काय सांगायचं आहे ते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की अवघड काम रिसेप्टरचं. तसं नाही. रिसेप्टर आज मागवता येतो, जनुक बनवून देणाऱ्या कंपन्या आहेत, पेशीत घालायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. अवघड आहे ते वासाला पेशीपर्यंत आणणं, आणि उत्तर आलं तर ते वासामुळेच आलं हे सिद्ध करणं. नाक म्हणजे नुसता रिसेप्टर नव्हे. ओलावा, वारा, स्वच्छता हेही नाकच.

वासाचे रेणू बहुतेक तेलकट असतात आणि पेशी पाण्यात असतात. कीटकाच्या मिशीवरच्या केसात हाच पेच आहे. तिथे बारीक छिद्रांतून रेणू आत येतो, आणि आतल्या द्रवात गंधवाहक प्रथिनं त्याला पोचवायला मदत करतात. आमच्या ताटलीत हे काही नसतं. म्हणून बहुतेक प्रयोगांत वास हवेतून येतच नाही. तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पिपेटने ओततात. वाचताना हे नीट बघत जा. शीर्षकात वास असतो आणि आत द्रव. खऱ्या हवेपर्यंत जाणारं काम थोडं आहे. २०२१ मध्ये टोकियोच्या शोजी ताकेउची यांच्या गटाने डासाचा रिसेप्टर पेशीत न ठेवता कृत्रिम मेदपटलात बसवला आणि सूक्ष्म चिरांतून हवा खेळवून माणसाच्या श्वासात मिसळलेलं ऑक्टेनॉल अब्जात अर्धा भाग इतक्या पातळीला पकडलं. माझ्या मते त्या कामातली खरी कारागिरी रिसेप्टरमध्ये नाही, त्या चिरांमध्ये आहे.

माझी फजिती सांगते. आम्ही पारदर्शक सिलिकॉन रबराचा एक छोटा प्रवाहकक्ष केला होता, पेशी खाली, वासाचं पाणी वरून. लिमोनिन, म्हणजे संत्र्याच्या सालीचा वास, पहिल्या दिवशी सुंदर उत्तर. दुसऱ्या दिवशी नुसतं बफर, म्हणजे पेशींना मानवणारं क्षारांचं पाणी, सोडलं तरी उत्तर. तिसऱ्या दिवशीही. आम्ही आनंदाने लिहून ठेवलं की पेशी अतिसंवेदनशील झाल्या आहेत. खरं कारण असं की ते रबर तेलकट रेणू स्पंजासारखं शोषून घेतं आणि मग दिवसचे दिवस थोडं थोडं परत सोडतं. आम्ही तीन महिने रबराचा वास मोजत होतो. तेव्हापासून माझ्या टेबलावर काच, टेफ्लॉन आणि स्टील याशिवाय काही नाही. ज्याने रबर सुचवलं त्याचं नाव मी घेत नाही, कारण ती मीच होते.

दुसरी फसवणूक पिपेटची. जोरात ओतलं की पेशी हलतात, फोकस सुटतो, हिरवा उजेड खाली-वर होतो आणि आलेख अगदी प्रतिसादासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक वासाच्या आधी तितक्याच जोराने नुसतं द्रावक मिसळलेलं बफर. शिवाय फक्त ऑर्को असलेल्या पेशी, आणि फक्त जीकॅम्प असलेल्या पेशी, दोन्ही त्याच ताटलीत त्याच दिवशी. यांनीही मान डोलावली तर वास तुमच्या रिसेप्टरने ओळखलेला नाही. उलट बाजूने, पेशी जिवंत आणि चॅनेल जागेवर आहे याची खात्री करायला व्हीयूएए१ नावाचं रसायन आहे. २०११ मध्ये जाहीर झालेलं हे रसायन वास नसतानाही थेट ऑर्कोला उघडतं. त्याला उत्तर आलं आणि वासाला नाही, तर दोष पेशीत नाही, रिसेप्टरमध्ये किंवा वासात. त्यालाही नाही आलं, तर वासाकडे वळूच नका, पेशींकडे जा. आणि बफरमध्ये कॅल्शियम घालायला विसरू नका. हसू नका, विसरतात.

सॅनिटायझर लावलेले हात, अत्तर, शेजारच्या टेबलावरचा चहा, या सगळ्यांची नोंद वहीत ठेवा. वासाच्या प्रयोगशाळेत अत्तर लावून येणाऱ्याला आमच्याकडे बाहेर थांबवतात.

रिसेप्टर निवडताना एक समज काढून टाका. कीटकाला येणारा प्रत्येक वास या कुटुंबातले रिसेप्टर ओळखतात असं नाही. आंबट घामातली आम्लं, अमोनिया आणि अमाइन वायू हे मुख्यतः दुसऱ्याच कुटुंबाचं काम आहे, आयआर म्हणतात त्याला, ते २००९ मध्ये समजलं. कार्बन डायऑक्साइड ओळखतात ते तिसरेच, चवीच्या रिसेप्टरांचे नातलग. त्यामुळे नासलेल्या मासळीचा सेन्सर करायचा म्हणून कुणी ऑर्कोच्या जोडीने बसलं तर पदरी निराशा येईल. फळांचे एस्टर, अल्कोहोल, टर्पीन, कामगंध हा या रिसेप्टरांचा खरा प्रांत. जॉन कार्लसन यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये फळमाशीच्या २४ रिसेप्टरांना ११० वास देऊन जो तक्ता केला, तो अजूनही रिसेप्टर निवडताना मी पहिल्यांदा उघडते. त्यातून दिसतं की काही रिसेप्टर बोलघेवडे, पन्नास वासांना उत्तर देणारे, आणि काही मितभाषी. एकट्याने सेन्सर करायचा तर मितभाषी हवा. बोलघेवडे एकेकटे निरुपयोगी, पण दहा जण एकत्र बसवले तर त्यांच्या उत्तरांच्या नक्षीवरून वास ओळखता येतो. १९८२ पासूनची इलेक्ट्रॉनिक नाकं नक्षीच वापरतात. त्यांचे धातू-ऑक्साइडचे सेन्सर दमटपणाने बहकतात, पण वर्षभर चालतात आणि त्यांना कुणी खाऊ घालावं लागत नाही. ही तुलना प्रामाणिकपणे करा.

आता धरण. पाण्याच्या मातकट वासामागे बहुतेक वेळा दोन रसायनं असतात, जिओस्मिन आणि २-मिथाइल आयसोबोर्निऑल. दोन्ही नीलहरित जिवाणू आणि मातीतले स्ट्रेप्टोमायसिस बनवतात. पहिल्या पावसाच्या मृद्गंधात जे असतं तेच जिओस्मिन. नाकाला पावसात हवंहवंसं, नळात नकोसं. फळमाशीला ते कधीच आवडत नाही, कारण तिच्या दृष्टीने तो अन्न विषारी बुरशी-जिवाणूंनी बिघडल्याचा इशारा. २०१२ मध्ये दाखवलं गेलं की तिचा ओआर५६ए हा एकच रिसेप्टर त्यासाठी राखीव आहे, जिओस्मिन सोडून जवळजवळ कशालाच तो उत्तर देत नाही. डेंगीच्या डासाच्या मादीला मात्र हाच वास अंडी घालायला बोलावतो. इतका मितभाषी रिसेप्टर दुर्मीळ. तुमच्या कामाला तो पहिला उमेदवार, पण फक्त जिओस्मिनसाठी. पाणी आयसोबोर्निऑलमुळे वासत असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आणि आता गणित, जे कुणी आधी करत नाही. माणसाचं नाक पाण्यातलं जिओस्मिन लिटरला सुमारे १० नॅनोग्रॅमला ओळखतं, काही नाकं त्याहूनही खाली. रेणुभार १८२. म्हणजे साधारण ५५ पिकोमोलर (हजार पिको म्हणजे एक नॅनो, हजार नॅनो म्हणजे एक मायक्रो). पेशींवरचे असे प्रयोग चालतात ते बहुतेक नॅनोमोलरपासून मायक्रोमोलरपर्यंत. दरी दहा-वीस पटींपासून हजारो पटींपर्यंतची. लोक तक्रार करतात त्या पातळीला तुमच्या पेशी बहुधा गप्प बसतील.

वास गोळा करून दाट करता येईल का? लिटरभर पाण्यातलं सगळं जिओस्मिन १०० मायक्रोलिटरमध्ये आलं तर दहा हजार पट, ५५० नॅनोमोलर, झकास. पण ते १०० मायक्रोलिटर जर डीएमएसओ असेल, तर पेशींसाठी तुम्हाला त्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवायचं आहे. म्हणजे हजारपट पातळ करा. दहा हजारांना हजाराने भागलं, उरले दहा पट. कमाई द्रावकाने खाल्ली. दहा मायक्रोलिटर डीएमएसओत गोळा केलंत तर शंभर पट उरतील, तेही वाटेत काही गळालं नाही तर. म्हणून द्रावक टाळून, कोमट केलेल्या नमुन्यावरची हवा थेट थोड्याशा बफरमधून बुडबुडवण्याची मांडणी जमते का ते बघा. तुमच्या प्रकल्पात काही नवं निघालं तर ते इथेच निघेल, रिसेप्टरमध्ये नव्हे. जलशुद्धीकरणवाले हे मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री वापरतात आणि ती पद्धत उत्तम चालते, हेही अहवालात लिहा. परीक्षक विचारणारच.

व्यवहाराचं थोडं. जनुक बदललेल्या पेशींवर काम करायला संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, १९८९ च्या नियमांनुसार. कॉलेजात ती नसेल तर जिथे आहे अशा संस्थेत हे काम करा आणि अर्ज आजच टाका, प्रयोगापेक्षा त्याला वेळ लागतो. पेशींसाठी पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारात आधी विचारा. तीन जनुकं कायमची बसवलेली मालिका शून्यापासून करायची तर, पेशी निवडून, एकेकीपासून वाढवून, तपासून, चार-सहा महिने सहज जातात. तुमच्याकडे एक वर्ष आहे. त्यामुळे माझा सल्ला: तयार मालिका कुणाकडून मिळते का ते पाहा, सहकार्याचं पत्र लिहायला लाजू नका. नाही मिळाली तर ओआर५६ए बाजूला ठेवा, फक्त ऑर्को तात्पुरता बसवा, बाजारात मिळणारा कॅल्शियमचा चमकता रंग वापरा, आणि व्हीयूएए१ ला उत्तर आणून दाखवा. ऐकायला छोटं वाटतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हे एवढंच जमायला सात महिने लागले होते.

पेशी येईपर्यंत हात बांधून बसू नका. महिन्यातून दोनदा धरणाचं पाणी आणा, तेच ठिकाण, तीच वेळ, तापमान लिहून. काचेच्या बाटल्या काठोकाठ भरा, वर हवा उरू देऊ नका, झाकणाला रबर नको. परत आल्यावर थोडं पाणी झाकणबंद चंबूत ४५ अंशांपर्यंत कोमट करा, हलवा, झाकण काढा आणि वर्गातल्या सात-आठ जणांना एकमेकांचं न ऐकता हुंगायला द्या. सोबत एक चंबू नुसत्या शुद्ध पाण्याचा ठेवा, कोणता कोणता ते कुणाला सांगू नका. शुद्ध पाण्यालाही मातीचा वास येतो म्हणणारे एक-दोघं निघतील. त्यांचीही नोंद ठेवा.